आकाशातील जोखमी हुंडी

फेब्रुवारी २०१८मध्ये पुण्याच्या शीतल महाजन यांनी थायलंडमधील पट्टाया येथे सुमारे १३,००० फुटांवरून विमानाबाहेर उडी घेतली, आणि तीही नऊवारी नेसून. जागतिक महिला दिन जवळ आला होता. त्यानिमित्ताने काही वेगळे करून दाखवावे असा त्यांचा मनोदय होता. आधी साडी, तिच्यावर हवाई छत्रीचे ओझे, डोक्याला शिरस्त्राण, डोळ्यांना गॉगल, पायांत बूट असा सारा जामानिमा. हवा अनुकूल लाभल्यामुळे त्यांनी एक नव्हे, दोन उड्या घेतल्या.

पट्टाया हे नाव आपल्या समाजातील कुटुंबांना नवे नाही. दिवाळीचा हंगाम ओसरला, हिशेब जुळले, की चार-पाच घरची मंडळी मिळून स्वयंपाकी बरोबर घेऊन बँकॉक-पट्टायाची सहल काढतात. पूर्वी या सहलीत सागरकिनारा, बागा आणि बाजार एवढेच असे. २०११ साली ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ हा चित्रपट आला, त्यात स्पेनच्या आकाशातून उड्या घेणारे तीन मित्र आपल्या मुलांनी पाहिले, आणि तेव्हापासून सहलीच्या यादीत ‘स्कायडायव्हिंग’ हा शब्द शिरला. कोणी दुबईला पामच्या आकाराच्या बेटावर उतरतो, कोणी पट्टायाला. बातमी बहुधा जेवणाच्या पानावर फुटते आणि वडिलधाऱ्यांचा घास हातातच राहतो.

अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हा शुद्ध वेडेपणा आहे; दुसरा म्हणतो, आजकाल सगळेच करतात. दोन्ही पक्षांपाशी माहिती बेताचीच असते. म्हणून प्रथम वस्तू काय आहे ते पाहू.

शीतल महाजन यांची उडी आणि सहलीला गेलेल्या माणसाची उडी यांत मूलभूत फरक आहे. त्या एकट्या उडी घेतात, छत्री स्वतः उघडतात. त्यांची आयुष्यातील पहिली उडीच १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंश तापमानात, सुमारे २,४०० फुटांवरून झाली. २००६च्या डिसेंबरात त्या अंटार्क्टिकावर उतरल्या, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि नोव्हेंबर २०२३मध्ये त्यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी घेतली. हा साधनेचा मार्ग आहे. सहलीतल्या माणसाने तो आपला समजू नये.

सहलीतली उडी जोडीची असते. तिला टँडम म्हणतात. शिकाऊ माणूस पुढे, अनुभवी प्रशिक्षक मागे, आणि दोघे खांद्यांपाशी व कमरेपाशी पक्क्या आकड्यांनी एकमेकांस जखडलेले. छत्री एकच, तिचा सारा कारभार प्रशिक्षकाकडे. ही पद्धत १९८०च्या दशकात अमेरिकेतील बिल बूथ आणि टेड स्ट्राँग यांनी रूढ केली. त्याआधी नवख्याला एकट्यालाच उडी घ्यावी लागे. माणसाने फुग्यातून छत्रीच्या आधाराने उतरण्याचा पहिला मोठा प्रयोग आंद्रे-जाक गार्नेरँ याने पॅरिसमध्ये २२ ऑक्टोबर १७९७ रोजी केला होता. म्हणजे दुकानदार आणि बँकवाले यांनाही आकाशातून सुखरूप उतरता यावे, यासाठी जवळजवळ दोनशे वर्षे लागली.

उंचीचा अंदाज आकड्याने येत नाही. आमच्या कळंबहून पश्चिमेकडे पाहिले की माथेरानचा डोंगर दिसतो. त्याची उंची सुमारे २,६०० फूट. अशी पाच माथेराने एकावर एक रचली तर १३,००० फूट होतात. तेथून निघाल्यावर साधारण पन्नास सेकंद मुक्तपतन असते, वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. मग कळसूबाईच्या उंचीच्या जरासे अलीकडे-पलीकडे मुख्य छत्री उघडते आणि उरलेले अंतर पाच-सहा मिनिटांत, पतंग हळूहळू उतरावा तसे कापले जाते. दोन माणसांच्या वजनाने वेग फारच वाढू नये म्हणून उडीनंतर लगेच एक लहान छत्री मागे सोडतात; ती लगामासारखी काम करते. पाठीवरच्या पेटीत मुख्य छत्रीखेरीज दुसरी राखीव छत्री असते. शिवाय एक छोटे यंत्र असते. ठरावीक उंचीपर्यंत खाली येऊनही वेग उतरला नसेल, तर ते राखीव छत्री आपोआप सोडते. या जातीचे आज सर्वत्र प्रचलित झालेले यंत्र जर्मनीच्या हेल्मुट क्लोथ यांनी १९९१मध्ये बाजारात आणले.

मी आयुष्यभर आकड्यांत राहिलो, त्यामुळे पुढचा प्रश्न आपोआप आला : बुडीत किती? अमेरिकेतील पॅराशूट संघटनेच्या नोंदीनुसार २०२३ साली तेथे सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० माणसे दगावली. १९७०च्या दशकात हीच संख्या वर्षाला सरासरी ४०च्या वर होती. जोडीच्या उडीत पाच लाखांत सुमारे एक शिकाऊ माणूस दगावतो, असे ती संघटना सांगते. परंतु हा आकडा नीट वाचला पाहिजे. तो एका शिस्तबद्ध संघटनेच्या केंद्रांचा आहे. तेथे राखीव छत्री दर १८० दिवसांनी परवानाधारक कारागिराकडून उलगडून पुन्हा घडी करून घ्यावी लागते. किनाऱ्यावर बोटीमागे दोरीने ओढत वर नेतात त्या पॅरासेलिंगला हा आकडा लागू नाही, आणि मावळात कामशेतला डोंगरउतारावरून उडतात त्या पॅराग्लायडिंगलाही नाही. आपली मंडळी या तिन्ही गोष्टी एकाच नावाने बोलतात, तेथेच घोटाळा होतो.

हे सर्व वाचण्याची वेळ माझ्यावर घरच्या कारणाने आली. माझे थोरले बंधू सहा वर्षांपूर्वी गेले. कळंबच्या बाजारातले धान्य-किराण्याचे दुकान आता वहिनी, धाकटा भाऊ आणि पुतण्या या तिघांच्या भागीदारीत चालते. प्रत्यक्षात गिऱ्हाईक, वसुली, बँक, सारे पुतण्याच्या खांद्यावर. वय सव्वीस. पट्टायाची तिकिटे झाल्यावर त्याने आईला उडीचे सांगितले. वहिनींनी आरडाओरडा केला नाही. केंद्राने पाठवलेला संमतीचा कागद छापून घेतला आणि माझ्यापुढे ठेवला.

“भाऊजी, पस्तीस वर्षे तुम्ही लोकांचे कागद वाचलेत. हा वाचा, आणि यात माझा मुलगा कुठे बसतो ते मला सांगा.”

चार पानांचा इंग्रजी कागद. सार असे की, ही क्रीडा धोक्याची आहे हे मी जाणतो. इजा किंवा मृत्यू ओढवल्यास मी अथवा माझे वारस केंद्राकडे कोणताही दावा करणार नाही. पुतण्या म्हणाला, “काका, सगळ्यांचा कागद असाच असतो.” ते खरे होते, पण वहिनींच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते.

मला त्या वेळी जोखमी हुंडी आठवली. जुन्या पेढ्यांवर दर्शनी आणि मुदती हुंडीबरोबर ही एक तिसरी जात चालत असे. व्यापारी माल जहाजात भरी आणि माल घेणाऱ्यावर हुंडी लिही. परंतु तिचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच मिळत. माल वाटेत बुडाला तर हुंडी धारण करणाऱ्याचे पैसे बुडाले. हे सर्वांना आधी ठाऊक असे, आणि म्हणून हुंडी घेणारा त्या जोखमीचा मोबदला कापूनच रक्कम देई. म्हणजे एकाच कागदात कर्जही होते आणि विमाही. जोखीम कोणाच्या माथी आणि तिचे मोल किती, या दोन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांनी त्या कागदावर बोलून दाखविल्या होत्या. उडीच्या कागदावर जोखीम कोणाची हे लिहिलेले असते, पण तिचे मोल कोणी मांडत नाही. ते उडी घेणाऱ्याच्या घरच्यांनी मांडायचे असते.

कायद्याची बाजू सांगतो. थायलंडमध्ये १९९७चा अन्याय्य करारशर्तींसंबंधीचा कायदा आहे. निष्काळजीपणामुळे जीवितहानी वा शारीरिक इजा झाल्यास, आगाऊ लिहून घेतलेल्या माफीच्या आड लपता येत नाही, अशी त्यात तरतूद आहे. कागदावर हे समाधानकारक वाटते. परंतु कळंबच्या माणसाने थायी न्यायालयात दावा लावायचा, तर नुकसानभरपाईपेक्षा खेपा महाग पडतील.

मग विमा. आपल्याकडील आरोग्य विम्याच्या पॉलिसींत वगळणुकींची भाषा विमा नियामकाने प्रमाणित केली आहे. तिच्यात ०९ या सांकेतिक क्रमांकाखाली धोकादायक अथवा साहसी खेळ येतात, आणि त्यांत स्कायडायव्हिंगचा नावानिशी उल्लेख आहे. परंतु तेथे ‘व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास’ असे शब्द आहेत. सहलीतला हौशी माणूस व्यावसायिक नव्हे. हा एक शब्द दाव्याच्या वेळी लाख मोलाचा ठरू शकतो. मात्र तो आरोग्य विम्याचा. परदेश प्रवासाच्या आणि अपघाती मृत्यूच्या पॉलिसींची भाषा कंपनीगणिक बदलते. काहींत साहसी खेळ सरसकट वगळलेले असतात, काही जादा हप्ता घेऊन त्यांना संरक्षण देतात. आम्ही प्रवासाची पॉलिसी तशा जादा संरक्षणासह घेतली आणि लेखी खुलासा मागवून फाईलला लावला. तोंडी ‘हो साहेब, कव्हर आहे’ याला बँकेत कधी किंमत नव्हती आणि विम्यातही नाही.

खरी गाठ पुढे होती. दुकानाचा भागीदारी करारनामा काढून पाहिला. बंधूंच्या पश्चात केलेला, छापील नमुन्यावरचा; एखादा भागीदार मृत्यू पावल्यास काय, याविषयी त्यात एक अक्षर नव्हते. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ याचे कलम ४२ सांगते की, भागीदारांत वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. म्हणजे पुतण्याचे काही बरेवाईट झाले असते, तर त्याच दिवशी दुकानही कायद्याने संपले असते.

आणि बँक? बँक अशा वेळी कॅश क्रेडिट खाते तेथल्या तेथे थांबवते. यामागे १८१६चा इंग्लंडमधील क्लेटनचा निवाडा आहे. चालू ठेवलेल्या खात्यात नंतर जमा होणारी रक्कम सर्वांत जुन्या उचलीपोटी वळती होते. खाते तसेच चालू दिले तर मृत भागीदाराच्या मालमत्तेवरची जबाबदारी भरण्याभरण्याने फिटत जाते आणि नवी उचल तिच्यावर लादता येत नाही. म्हणून व्यवस्थापक कितीही ओळखीचा असला तरी खाते गोठवणे त्याला भाग असते. शोकात बसलेल्या घरी, तेराव्याच्या आत, घाऊक व्यापाऱ्यांचे धनादेश परत जाऊ लागतात. माझ्या नोकरीत अशी घरे मी पाहिली आहेत. त्यांतले कोणी आकाशातून पडले नव्हते. कोणी मोटारसायकलवरून, कोणी हृदयविकाराने, एक तर नुसता तापाने गेला होता.

वहिनींनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले. पुतण्याही ऐकत होता; बहुधा प्रथमच. दुसऱ्याच आठवड्यात पूरक करारनामा झाला : भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होणार नाही, उरलेले भागीदार ती चालवतील, मृताच्या वारसांना अमुक पद्धतीने हिशेब करून रक्कम दिली जाईल. भागीदार तीन असल्यामुळे हे जमले. दोनच असते तर एकटा उरलेला माणूस भागीदारी चालवू शकत नाही, मग वेगळी व्यवस्था करावी लागते. खाती, लॉकर, विमा यांवरची नामनिर्देशने तपासली. दोन ठिकाणी अजून बंधूंचेच नाव होते.

सगळे झाल्यावर मी वहिनींना म्हणालो, आता निर्णय तुमचा. त्या म्हणाल्या, “तुम्ही त्याच्याआधी उडी घेणार असाल, तर त्याला जाऊ द्या.”

जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे वाक्य मी नोकरीत शेकडो लोकांना ऐकवले आहे. त्यामुळे नाही म्हणण्याची सोय नव्हती. वय सहासष्ट, वजन एकाहत्तर किलो, रक्तदाब औषधाने ताब्यात. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढून पत्र दिले.

पट्टायात एक गोष्ट आधीच सांभाळावी लागली, आणि ती वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावी. आमच्या मंडळींचा आदल्या दिवशी बेटावर जाऊन पाण्याखाली स्कूबा करण्याचा बेत होता. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतल्याने रक्तात नायट्रोजन विरघळतो. त्यानंतर लवकरच उंचावर गेले तर त्याचे बुडबुडे होऊन जीवावर बेतू शकते. उडीपूर्वी किमान चोवीस तास स्कूबा नको, असा दंडक आहे. अंदमानला वा पट्टायाला दोन्ही एकाच तिकिटात विकणारे दलाल हे सांगतातच असे नाही. उडी आधी, स्कूबा नंतर, असा क्रम ठेवला की प्रश्न मिटतो.

केंद्र शहराबाहेर, अननस आणि कसाव्याच्या शेतांच्या बाजूला होते. वजन केले, कागदावर सही झाली, पंधरा मिनिटांची शिकवणी झाली. तिच्यात लक्षात ठेवण्याजोग्या दोनच गोष्टी : बाहेर पडताना पोट पुढे काढून धनुष्यासारखे वाकायचे, आणि उतरताना पाय समोर उचलून धरायचे. विमान लहान, बाकांवर माणसे दाटीवाटीने बसलेली. वर जाण्यास वीसेक मिनिटे लागली. दर हजार फुटांस साधारण दोन अंश तापमान उतरते. खाली घाम निथळत होता, वर बोटे गार पडली.

दार उघडल्यावर जो आवाज आत आला, त्याची मला कल्पना नव्हती. माझ्या मनात त्या क्षणी कोणताही उदात्त विचार आला नाही. पाय दाराबाहेर लोंबत होते आणि ते माझेच आहेत याची मी खात्री करून घेत होतो. मागून प्रशिक्षकाने कपाळाला हात लावून माझी मान वर केली, आणि आम्ही विमानात नव्हतो.

पाळण्यात पोटात गोळा येतो तसे होईल, असे मी धरून चाललो होतो. तसे काहीच झाले नाही. विमानाचाच वेग अंगात असल्यामुळे पडल्याची जाणीव होत नाही, हवेने उचलून धरल्याची होते. श्वास घेता येतो, पण तो घ्यावा लागतो. गाल कानांकडे ओढले जातात. एका बाजूला समुद्र, त्यात कोह लानचे बेट, खाली शेतांचे चौकोन, आणि ते जवळ येताहेत हे डोळ्यांना पटत नाही. पन्नास सेकंद किती मोठे असतात, हे मला तेथे कळले. मग एक हिसका, आणि तो प्रचंड आवाज एकदम बंद.

ती शांतता मी विसरणार नाही. माझ्या बुटांखाली पाच हजार फूट काहीच नव्हते आणि प्रशिक्षक साध्या बोलण्याच्या आवाजात विचारत होता, “सर, ठीक आहात ना?” कान दडपले होते, आवंढा गिळल्यावर मोकळे झाले. उतरलो ते बसूनच, गवतावर. उभ्याने उतरणे तरुणांना शोभते.

पुतण्या पुढच्या फेरीत आला. मैदानाच्या कडेला वहिनी खुर्चीवर बसून होत्या. दोघांचे पासपोर्ट आणि विम्याची फाईल मांडीवर. त्यांनी वर पाहिलेच नाही, असे माझ्या पत्नीने नंतर सांगितले. छत्री उघडल्याचे कोणी सांगेपर्यंत त्या गवताकडे पाहत होत्या. मुलगा जवळ आल्यावर त्यांनी आधी त्याच्या कोपराला लागलेली माती झटकली. मग मला विचारले, “भाऊजी, त्या पुण्याच्या बाईंनी एवढ्या वाऱ्यात कासोटा कसा सांभाळला असेल हो?”

अशा उडीसाठी आता परदेशीच जावे लागते असे नाही. हरियाणात नारनौलला कायमचे केंद्र आहे. मध्य प्रदेशात उज्जैनला पर्यटन खाते हिवाळ्यात उपक्रम भरवते. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही पूर्वी अशा उड्या झालेल्या आहेत. जेथे जाल तेथे राखीव छत्री शेवटची केव्हा उलगडून बांधली, ते यंत्र बसवले आहे काय, आणि प्रशिक्षकाच्या किती उड्या झाल्या, हे तीन प्रश्न विचारावेत. चांगले केंद्र न चिडता उत्तर देते. चित्रफितीचे पैसे वेगळे असतात आणि बरेच असतात, तेही आधी विचारावे.

केंद्राने दोघांना प्रमाणपत्रे दिली. पुतण्याचे दुकानात गल्ल्यामागे, दुकानाच्या परवान्याशेजारी चौकटीत लागले आहे आणि गिऱ्हाइके माल बांधून होईपर्यंत ते वाचतात. माझे मी पूरक करारनाम्याच्या प्रतीबरोबर त्याच फाईलमध्ये लावले. धाकट्या भावाने परवा ती फाईल मागून नेली. त्याला त्याच्या पॉलिसीवरचे नाव पाहायचे आहे.